स्वप्नातला दृष्टांत आणि जागेपणीचे देणे

सकाळी अंथरुणावर उठून बसताना माणूस एक वाक्य सहज बोलून जातो. 'आज झोप मोठी छान लागली, कशाचंच भान नव्हतं.' बोलणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसते, पण या एवढ्याशा वाक्यावर आमच्या दर्शनकारांनी शेकडो वर्षे वाद घातला आहे. भान नव्हते, तर छान लागली हे कळले कोणाला? ज्याला कळले तो जर त्या वेळी जागा होता, तर झोपला कोण? आणि दोघेही जर एकच, तर रात्रीचा निरोप सकाळपर्यंत आणला कोणी?

पतंजलींनी चित्ताच्या पाच वृत्ती सांगितल्या, त्यांत निद्रा चौथी आणि स्मृती पाचवी. दोघी शेजारी शेजारी बसवल्या आहेत. झोप म्हणजे नुसता अभाव, दिवा विझला की अंधार, असे सामान्य माणसाला वाटते. योगशास्त्र ते मान्य करीत नाही. झोप हीदेखील एक वृत्तीच आहे असे ते म्हणते, आणि व्यासभाष्यात त्याचे कारण दिले आहे ते आमच्या त्या सकाळच्या वाक्याचेच. उठल्यावर एकजण म्हणतो सुखाने झोपलो, मन कसे स्वच्छ आहे. दुसरा म्हणतो झोप लागली खरी, पण मन भिरभिरते आहे. तिसरा म्हणतो मेल्यासारखा पडलो होतो, अंग जड झाले आहे. या तिन्ही आठवणी आहेत, आणि अनुभवावाचून आठवण नाही. मग झोपेत अनुभव आहेच. नैयायिक म्हणतात, छे, हे उठल्यानंतरचे अनुमान आहे. वेदान्ती म्हणतात, अनुभव आहे, पण तो साक्षीचा. त्यांचा तो वाद इथे सोडवीत बसलो तर मासिकाचा अंक पुरायचा नाही. आम्हाला आज पाहिजे आहे ते एवढेच, की झोप आणि आठवण यांची गाठ आमच्या पूर्वजांनी फार आधी ओळखली होती.

आता स्वप्न. व्यासभाष्यातच स्मृतीचे दोन प्रकार केले आहेत. जागेपणीची आठवण खऱ्या विषयाची असते, स्वप्नातली आठवण कल्पनेने घडवलेल्या विषयाची. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात बौद्ध विज्ञानवाद्यांना उत्तर देताना स्पष्टच म्हटले, की स्वप्नदर्शन ही स्मृती आहे आणि जागृतीतले दर्शन हा अनुभव आहे, दोन्हींत हा भेद आहे. वैशेषिकांच्या प्रशस्तपादांनी स्वप्नाची तीन कारणे दिली. संस्काराचा जोर, शरीरातल्या धातूंचा दोष, आणि अदृष्ट. संतापलेला मनुष्य ज्याच्यावर संतापला त्याचेच चिंतन करीत झोपला, तर तोच त्याला स्वप्नात दिसतो, हा संस्काराचा जोर. वाताचे प्राबल्य असले की आकाशात उडतो, पित्ताचे असले की आगीत शिरतो, कफाचे असले की नद्या ओलांडतो. चरकाचार्यांनी तर सात प्रकार केले. पाहिलेले, ऐकलेले, अनुभवलेले, इच्छिलेले, कल्पिलेले, पुढे होणाऱ्याचे सूचक आणि दोषांमुळे पडलेले. यांतले पहिले पाच प्रकार वैद्याने निष्फळ समजावेत, असेही सांगून ठेवले. म्हणजे सातांतली पाच स्वप्ने आमच्याच आचार्यांनी आधीच बाजूला काढली! लोक मात्र सातही प्रकारांचे अर्थ विचारायला येतात.

बृहदारण्यकात स्वप्नाचे वर्णन आहे. तिथे रथ नाहीत, घोडे नाहीत, रस्ते नाहीत, आणि तरी तो रथ, घोडे, रस्ते निर्माण करतो. आमच्या बाबतीत रथाच्या जागी आगगाडी आहे. येडशीच्या स्टेशनावरून पूर्वी बार्शी लाईटची नॅरोगेज गाडी जात असे. लातूर ते कुर्डुवाडी. कुर्डुवाडीहून पुढे पंढरपूर. वारीच्या दिवसांत डब्यात पाय ठेवायला जागा नसे. २००८ च्या सुमारास रुंद रुळांचे काम पुरे झाले आणि ती गाडी संपली. पण आमच्या स्वप्नात ती अजून धावते बरं का! आणि त्या जुन्या डब्यात समोरच्या बाकावर हल्लीचा कोणी मोबाईल कानाला लावून बसलेला असतो. गाडी आमच्या लहानपणची, माणूस कालचा. दोन्ही खरे, दोन्ही पाहिलेले, फक्त एकत्र कधी पाहिलेले नाहीत. स्वप्न नवे काही आणीत नाही. जुन्याच मालाची पोती सोडून दुसऱ्याच क्रमाने मांडते, आणि प्रत्येक पोत्यावरची स्थळाकाळाची चिठ्ठी तेवढी गळून पडलेली असते. ती चिठ्ठी नसल्यामुळेच 'हे पूर्वी पाहिले होते' असे स्वप्नात वाटत नाही, 'हे आत्ता घडते आहे' असे वाटते.

पाश्चात्त्य शास्त्रज्ञांनी या विषयात गेल्या शंभर वर्षांत पुष्कळ श्रम केले आहेत. ते आपल्या मंडळींनी आदराने समजून घ्यावेत असे आम्हाला वाटते. शास्त्र म्हटले की हात जोडायचे किंवा पाठ फिरवायची, या दोन्ही खोडी वाईट.

१९२४ साली अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात जेन्किन्स आणि डालेनबाख या दोघांनी दोन विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरे पाठ करायला दिली. पाठ झाल्यावर कधी त्यांना झोपू दिले, कधी जागे ठेवले. आठ तासांनंतर पाहिले तर झोपून उठलेल्याला निम्म्याहून थोडी अधिक आठवत होती आणि जागे राहिलेल्याला दहांतले एखादे. तोच विद्यार्थी, तीच मेहनत, तेवढाच काळ. पुढे १९५३ साली शिकागो विद्यापीठात असेरिन्स्की आणि त्यांचे गुरू क्लाइटमन यांनी दाखवले, की झोपेत ठराविक अंतराने मिटल्या पापण्यांखाली बुबुळे भराभर हलू लागतात, आणि त्या वेळी उठवले तर माणूस बहुधा स्वप्न सांगतो. साधारण दीड-दीड तासाचा फेरा असतो. रात्रीतून असे चार-पाच फेरे होतात. पूर्वरात्री गाढ झोपेचा भाग मोठा असतो आणि पहाटेकडे स्वप्नाचा वाढत जातो. पहाटेचे स्वप्न खरे होते असे आपल्याकडे म्हणतात. खरे होते की नाही ते बाजूला ठेवा, पण पहाटेचे स्वप्न लांब असते आणि त्यातूनच जाग येत असल्याने ते आठवते, एवढे नक्की. रात्री दोनचे स्वप्न कोणाला आठवते? तान्ह्या मुलाच्या झोपेचा तर निम्मा भाग याच जातीचा असतो. मूल झोपेत हसले की आपल्या बायका म्हणतात, सटवाई हसवते आहे. डोळ्यांची ती हालचाल त्यांनी शिकागोच्या कितीतरी आधी पाळण्यात पाहिलेली आहे!

१९९४ साली विल्सन आणि मॅकनॉटन यांनी उंदरांच्या मेंदूत सूक्ष्म तारा घालून पाहिले. उंदीर ज्या वाटेने फिरला, त्या वेळी मेंदूतल्या ज्या पेशी एकत्र चेतल्या होत्या, त्याच पेशी तो नंतर झोपल्यावर पुन्हा एकत्र चेतू लागल्या. जणू उंदीर दिवसभराची संथा झोपेत घोकीत होता. मेंदूत नव्या आठवणी आधी एका तात्पुरत्या कोठारात पडतात आणि झोपेत तिथून कायमच्या कोठारात हलवल्या जातात, असा या शास्त्राचा आजचा मुख्य विचार आहे. याच्या उलट बाजूचेही मत आहे. १९८३ साली क्रिक आणि मिचिसन यांनी मांडले, की स्वप्न हा केर काढण्याचा प्रकार आहे, नको त्या जोडण्या पुसून टाकण्यासाठी स्वप्न पडते. म्हणजे एकाच्या मते लक्षात ठेवायला झोप, दुसऱ्याच्या मते विसरायला. आम्हाला यात विरोध दिसत नाही. सुगीला खळ्यावर धान्य उपणतात, तेव्हा दाणे राखणे आणि भुसा उडवणे ही दोन कामे एकाच वाऱ्याने होतात. झोप आठवणीला बळ देते हे पुष्कळसे सिद्ध झाले आहे. स्वप्न नेमके का पडते यावर मात्र त्यांचे एकमत नाही.

त्यांच्या प्रयोगांपैकी एक आम्हाला फार विचार करण्यासारखा वाटला. २००० साली स्टिकगोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही लोकांना टेट्रिस नावाचा, वरून तुकडे पडतात आणि ते जुळवायचे असा खेळ खेळायला लावले. त्यांत काही रुग्ण असे होते, की मेंदूच्या इजेमुळे त्यांना नवी आठवण राहतच नसे. खेळ शिकवलेला त्यांना आठवेना. पण झोप लागताना काय दिसले असे विचारल्यावर त्यांच्यातल्याही काहींनी सांगितले, वरून तुकडे पडताना दिसतात. खेळलो हे आठवत नाही, पण खेळ दिसतो! आमच्या पाठशाळेत तर्कसंग्रह शिकताना 'केवळ संस्कारापासून झालेले ज्ञान ती स्मृती' अशी व्याख्या आम्ही घोकली होती. संस्कार वेगळा आणि स्मृती वेगळी, हे तेव्हा केवळ शब्दांनी कळले होते. संस्कार आत पडून राहतो, स्मृती होऊन वर येईलच असे नाही. आणि जागेपणी ज्याचे दार बंद असते तो संस्कार झोपेच्या दाराने बाहेर डोकावतो. ज्या घरात म्हाताऱ्याला सुनेचे नाव आठवेनासे झाले आहे, त्या घरच्यांनी हे ध्यानात ठेवावे. नाव गेले म्हणून माया गेली असे नव्हे.

आता ही सगळी चर्चा कशासाठी, ते सांगतो. येडशीला सप्ताहात आमची कीर्तनसेवा होती. गाव तुमच्यापैकी पुष्कळांना माहीत आहे. खाली दरीत रामलिंगाचे देऊळ, जटायूची समाधी, माकडांचा सुळसुळाट, आणि वर सोलापूर-धुळे रस्त्यावर रात्रभर मालमोटारी. कीर्तन तुकोबांच्या गुरूपदेशावर झाले. आरती झाल्यावर लोक पांगले, आणि एक तरुण मुलगा थांबला. लातुरास डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करतो, दोन दिवसांसाठी घरी आला होता. डोळे तांबारलेले. म्हणाला, "महाराज, राग येणार नसेल तर विचारू का?" आम्ही म्हटले, "विचार बाळ, राग यायला आम्ही काय दुर्वास आहोत?" तो म्हणाला, "स्वप्न म्हणजे मेंदूतल्या जुन्या आठवणींची उलथापालथ, असं आम्ही पुस्तकात शिकतो. मग तुकाराम महाराजांना स्वप्नात गुरू भेटले, ते गुरू कोण? त्यांची स्वतःची आठवणच ना? मग उपदेश दिला कोणी?"

प्रश्न नीट विचारलेला होता. उडवून लावण्यासारखा मुळीच नव्हता. त्यातला पूर्वपक्ष तर शंकराचार्यांच्या वाक्याशी जुळतो. स्वप्न ही स्मृती, हे आचार्यच म्हणतात. मग सद्गुरूंचे स्वप्नदर्शनही स्मृतीच का नव्हे?

उत्तर देण्याआधी तुकोबांनी स्वतः काय सांगितले ते पाहावे. लोकांनी सांगितले ते वेगळे, त्यांनी सांगितले ते वेगळे. माघ शुद्ध दशमी, गुरुवार. गंगास्नानाला जाताना वाटेत भेट झाली. मस्तकावर हात ठेवला. गुरुपरंपरेत राघवचैतन्य, केशवचैतन्य अशी नावे सांगितली, स्वतःचे नाव बाबाजी सांगितले, आणि 'रामकृष्णहरी' हा मंत्र दिला. इतके सगळे आहे. पण मध्येच एक गोष्ट आहे, तिच्याकडे कीर्तनकारसुद्धा घाईने पाहून पुढे जातात. बाबाजींनी भोजनाला पावशेर तूप मागितले, आणि तुकोबा म्हणतात की स्वप्नात त्याचा विसर पडला. अहो, ज्याला आपल्या स्वप्नाचा डंका पिटायचा आहे, तो ही गोष्ट सांगेल का? गुरूने आयुष्यात एक वस्तू मागितली, तीही पावशेर, आणि ती द्यायची राहिली! हे तो पहिल्याच अभंगात सांगून मोकळा होतो. स्वप्नात विसर पडणे हे तर स्वप्नाचे अगदी खरे लक्षण. ज्याला स्वप्न पडलेच नाही त्याने रचलेली गोष्ट अशी नसती. ती चोख असती.

बरे, मंत्र तरी नवा होता काय? 'राम', 'कृष्ण', 'हरी' ही नावे तुकोबांच्या कानावर प्रथमच पडली असे कोणी म्हणेल काय? विश्वंभरबाबांपासून घरात पंढरीची वारी. स्वप्नाआधी दुष्काळात बायको गेली, मूल गेले, दिवाळे निघाले, मग पडके देऊळ उभारले, आणि एकादशीचे कीर्तन सुरू केले. आरंभी अभ्यासात चित्त नव्हते, म्हणून संतांची वचने विश्वासाने पाठ केली, असे तेच सांगतात. हा क्रम नीट पाहा. आधी पाठांतर, मग स्वप्न, मग कवित्व. दुसऱ्या स्वप्नात नामदेवराय पांडुरंगाला घेऊन आले आणि उरलेली अभंगांची संख्या पुरी कर म्हणाले, तेही नामदेवांचे अभंग कंठात मुरल्यावर. बहिणाबाईंचेही तसेच. कोल्हापुरात असताना जयरामस्वामींच्या कीर्तनात त्यांनी तुकोबांचे अभंग ऐकले. तुकोबांना पाहिलेले नव्हते. ऐकून ऐकून तळमळ लागली, आणि कार्तिक वद्य पंचमीला स्वप्नात तुकोबांनी येऊन उपदेश केला. चरकांच्या भाषेत ऐकलेले आणि इच्छिलेले, असे दोन्ही प्रकार त्यात आहेत.

म्हणून आम्ही त्या मुलाला म्हटले, "बाळ, तुझा पूर्वपक्ष आम्ही अर्धा मान्य करतो. स्वप्नातली सामग्री आठवणीची, हे कबूल. पण सामग्री आठवणीची म्हणून देणारा कोणी नाही, हे कुठून आणलंस? तुझ्या आईनं भाकरी केली. पीठ तुझ्याच शेतातल्या ज्वारीचं. म्हणून भाकरी शेतानं केली म्हणशील का?" तो हसला, पण समाधान झाले नव्हते. म्हणाला, "महाराज, हा दृष्टांत झाला. प्रमाण नाही झालं." खरे सांगतो, हे उत्तर आम्हाला फार आवडले. कारण सगळे मर्म त्या एका शब्दात आहे.

मराठीत 'दृष्टांत' या शब्दाला दोन अर्थ आहेत. कीर्तनात आम्ही सिद्धांत समजावा म्हणून देतो तो दृष्टांत, आणि स्वप्नात देव येऊन सांगतो तोही दृष्टांतच. 'देवानं दृष्टांत दिला' असे खेड्यापाड्यांत सर्रास म्हणतात. न्यायशास्त्रात दृष्टांत हा एक पदार्थ आहे. ज्या गोष्टीवर साध्या माणसाची आणि परीक्षकाची बुद्धी एक होते, तो दृष्टांत. स्वयंपाकघरात धूर तिथे अग्नी, हे दोघेही मानतात. पण नुसत्या दृष्टांताने डोंगरावर अग्नी आहे हे सिद्ध होत नाही. त्याला हेतू लागतो, धूर दिसावा लागतो. आम्ही म्हणतो, स्वप्नातला दृष्टांतही दृष्टांताच्याच पायरीवर ठेवावा. तो उजेड पाडतो, वाट दाखवतो, आपल्याच मनाला आपलीच एखादी पडून राहिलेली गोष्ट समजावतो. साक्षीपुराव्याच्या पायरीवर त्याला चढवू नये. त्या मुलाने शास्त्राचे बोट धरून जे म्हटले, ते गौतमांच्या न्यायसूत्रांना धरूनच होते.

ही पायरी चुकली की काय अनर्थ होतो, ते आम्ही फिरतीत पाहिले आहे. एका गावी (नाव कशाला सांगा) एका गृहस्थाला दृष्टांत झाला, की गायरानात अमुक जागी देव आहे. झाले. दगडाला शेंदूर लागला, पत्र्याचे छत आले, दानपेटी आली. ज्यांची गुरे तिथे चरत होती ती माणसे गरीब. देवाविरुद्ध बोलायचे कोणी? दुसऱ्या ठिकाणी एका सुनेला सांगण्यात आले, की तुझ्या सासूच्या स्वप्नात कुलदैवत आले आणि तुझे माहेरचे दागिने देवाला वाहावे म्हणाले. देव स्वप्नात येतो तो नेमका दुसऱ्याच्याच जिनसा मागायला कसा येतो, हे कोडे आम्हाला अद्याप उलगडलेले नाही.

तुकोबांचे स्वप्न याच्या शेजारी ठेवून पाहा. त्यांना स्वप्न पडले, त्याने कोणाच्या शेतातला चतकोर तुकडा त्यांच्या नावावर झाला? झाले ते उलट. पावशेर तुपाचे देणे त्यांच्याच डोक्यावर आले. नामदेवांच्या स्वप्नाने तर जन्मभराचे काम अंगावर पडले. आमचा सिद्धांत म्हणाल तर तो इतकाच आहे, की स्वप्नातून ऋण निघू शकते, येणे निघू शकत नाही. ऋण निघाले तर तेही ज्याला स्वप्न पडले त्याच्याच नावावर. शेजाऱ्यावर स्वप्नाची वसुली चालत नाही.

आमच्या धाराशिव जिल्ह्यातच तेर आहे. तिथल्या गोरोबाकाकांची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. संतमंडळी जमली असता थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारीत गेले आणि कोणते मडके कच्चे ते सांगितले. कुंभार मडक्याकडे बघून सांगत नाही, वाजवून सांगतो. रंगाने कच्चे आणि पक्के पुष्कळदा सारखेच दिसते. तसे स्वप्न कितीही तेजस्वी दिसले, शंखचक्र दिसले, सुगंध सुटला, तरी ते नुसते बघणे झाले. वाजवून बघायचे म्हणजे दिवसा काय होते ते बघायचे. योगसूत्रांत चित्त स्थिर करण्याचे जे उपाय सांगितले आहेत, त्यांत स्वप्नातल्या किंवा निद्रेतल्या ज्ञानाचा आधार घ्यावा हाही एक उपाय आहे. वाचस्पतिमिश्रांनी तिथे उदाहरण दिले आहे. एखाद्याने स्वप्नात एकांत अरण्यात महेश्वराची सुंदर मूर्ती पाहिली, जागा झाल्यावर मन प्रसन्न झाले, तर त्याने त्याच मूर्तीचे चिंतन करावे, तिथेच चित्त स्थिर होईल. ती मूर्ती खरोखर कुठल्या अरण्यात आहे, ती शोधून काढा, तिथे देऊळ बांधा, असे वाचस्पती म्हणत नाहीत. एवढा मोठा पंडित, पण त्याने ती चौकशीच केली नाही.

मग त्या मुलाला आम्ही ब्रह्मसूत्रांतला एक विचार सांगितला, तो त्याला पटलेला दिसला. प्रश्न असा, की झोपताना जीव ब्रह्मात लीन होतो म्हणता, तर सकाळी उठतो तो तोच जीव कशावरून? घागरभर पाणी तळ्यात ओतले आणि पुन्हा घागर भरली, तर तेच पाणी आले असे कोण म्हणेल? सूत्रकारांनी कारणे दिली आहेत, त्यांतली दोन आपल्या कामाची. एक, कर्म. काल अर्धे टाकलेले काम आज तोच पुरे करायला बसतो. दुसरे, अनुस्मृती. काल पाहिले ते मीच पाहिले अशी आठवण त्याला असते. किती साधे, आणि किती खोल! अर्धवट विणलेले घोंगडे ज्याच्या मागावर आहे तो सकाळी मागावर येऊन बसतो, यावरून तो तोच. तुकोबांना उपदेश दिला कोणी, याचे उत्तर स्वप्नात शोधून सापडणार नाही. शुद्ध एकादशीच्या सकाळी उठून भंडाऱ्याच्या डोंगराकडे जो निघाला, त्याच्याकडे पाहिले पाहिजे. स्वप्नात अर्धे राहिलेले काम त्याने जन्मभर पुरे केले. पावशेर तुपाऐवजी काय काय दिले ते गाथा उघडून बघावे.

मुलगा जायला निघाला तेव्हा आम्ही त्याला विचारले, "रात्री झोपतोस किती?" म्हणाला, "चार तास. परीक्षा होईपर्यंत तेवढीच." हे ऐकून मात्र आम्ही त्याला थोडे रागावलो. लातूरच्या शिकवण्यांची कीर्ती आम्ही ऐकून आहोत. गरिबांची मुले तिथून डॉक्टर झाली, त्याचे कौतुकच आहे. पण झोप मारून पाठांतर म्हणजे पेरून झाल्यावर माती न लोटणे. आमच्या पाठशाळेत गुरुजी सायंकाळी संथा देत. अमरकोशाचे श्लोक, रघुवंशाचे श्लोक. तीन आवृत्त्या झाल्या की म्हणत, आता बोलू नका, झोपा. पहाटे तोंड धुतल्यावर गप्पा मारण्याआधी म्हणून दाखवायचे. रात्री जिथे जीभ अडखळली होती तिथून पहाटे ती सुटी होऊन जाई. गुरुजींना कॉर्नेलचे नावही ठाऊक नव्हते. चरकांनी शरीराचे तीन आधार सांगितले त्यांत झोप आहे, आणि ज्ञान-अज्ञान हेही झोपेवर अवलंबून आहे असे म्हटले आहे. भगवद्गीतेतही फार झोपणाऱ्याला योग नाही म्हटले, आणि त्याच दमात फार जागणाऱ्यालाही नाही म्हटले. लोक पहिला अर्धा सांगतात आणि दुसरा गिळतात.

हे आमच्या वारकरी मंडळींनीही ऐकावे. एकादशीचा जागर हे व्रत आहे, त्याविषयी आमची तक्रार नाही. पंधरवड्यातून एक रात्र नामात काढली तर शरीर ते सोसते. पण काही ठिकाणी आठ-दहा वर्षांची मुले मृदंग, पाठ आणि गायन शिकायला ठेवतात, त्यांना रात्री बारापर्यंत टाळ धरून उभे करतात आणि पहाटे चारला काकड्याला उठवतात, तेही रोज. मग पाठ विसरला म्हणून छडी. त्या लेकराचा पाठ मुरायला पहाटेची जी झोप पाहिजे तीच आपण काढून घेतली आणि वर त्यालाच मारले. लहानग्याला काकड्यातून सूट दिली तर पांडुरंग रुसणार नाही. त्यालाही आपण रात्री शेजारती करून निजवतोच की.

येडशीच्या त्याच मुक्कामात दुसऱ्या दिवशी दुपारी एक बाई आल्या. नवरा दोन वर्षांपूर्वी वारला. उन्हाळ्यात शेतावर काम करताना चक्कर येऊन पडला, आणि त्या वेळी जवळ पाणी नव्हते. आता तो स्वप्नात येतो आणि पाणी मागतो. दर वेळी त्या तांब्या शोधायला लागतात आणि जाग येते. कोणीतरी सांगितले होते की त्याचा आत्मा अडकला आहे, मोठा विधी करावा लागेल, आणि खर्चाचा आकडाही सांगितला होता. बाई मजुरी करणाऱ्या. आम्हाला विचारत होत्या, "महाराज, करू का?"

आम्ही त्यांना शास्त्र सांगितले नाही. मेंदू, संस्कार, प्रशस्तपाद यातले काहीच त्या वेळी कामाचे नव्हते. स्वप्नात येतो तो आठवण आहे की आत्मा आहे, हेही आम्ही सांगितले नाही. त्या माउलीला त्यातला फरक करायचाच नव्हता. आम्ही विचारले, "घर कुठे आहे तुमचं?" म्हणाल्या, रस्त्याच्या कडेला, उतारापाशी. "मग विधी राहू द्या. चैत्र तोंडावर आला आहे. दारात एक रांजण मांडा, वर ओलं फडकं टाका, पळी ठेवा. येणाराजाणारा पाणी पिऊ दे." त्यांनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "रांजण हाय घरात. त्याचाच हाय."

वैशाखात पुन्हा त्या वाटेने जाणे झाले. मोटार थांबवायला सांगितली. रांजण होता, साखळीला बांधलेली पळी होती, आणि दोन मालमोटारवाले पाणी पीत उभे होते. आम्हीही उतरून ओंजळभर प्यालो. पाणी गार होते. बाई कामावर गेल्या होत्या, घराला कडी होती. स्वप्न अजून पडते का, ते शेजारी कोणाला विचारले नाही.